एक सूत जादा

मिस्त्रींकडे दोन फुटांची फळी मागितली, की दोन फूट एक सूत मिळायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दिसायला काहीच नाही, पण तेवढ्यासाठी दार चौकटीत बसत नाही. मिस्त्रींचं म्हणणं साधं होतं: कमी कापलेलं लाकूड ओढून लांब करता येत नाही, जादा राहिलं तर रंधा आहेच. "नंतर येऊन तासून देतो," असं म्हणून ते हत्यारांची पिशवी खांद्याला लावत आणि ते 'नंतर' तसंच राहून जाई. बंद करताना खांदा लावावा लागेल अशी सतरा दारं गावात होती. सतरा हा आकडा त्यांच्या बायकोचा. त्या घरांत पाहुणी म्हणून गेली, की बसण्याआधी ती दाराकडे एकदा बघून घेई आणि मग पदर सारखा करी.

गेल्या दोन वर्षांत त्या सुताला आणखी एक काम लागलं होतं. मिस्त्रींचा उजवा अंगठा थरथरायला लागला होता. करवत रेघेवरून जराशी इकडेतिकडे झाली तरी मध्ये एक सूत होतं. मग रंधा फिरवला की सगळं सारखं. रंधा दोन्ही हातांनी धरायचा असतो, कमरेच्या जोरावर ढकलायचा असतो. त्यात अंगठ्याची थरथर जिरून जायची. पण नक्षीची पटाशी बोटांत धरतात. तिथे काही जिरत नाही. मिस्त्रींनी नक्षीची कामं घेणं बंद केलं आणि कारण सांगितलं, "लोकांना आता पारख राहिली नाही."

पारख राहिली नाही म्हणावं, तर मोठ्या रस्त्यावरच्या फर्निचरवाल्याकडे नक्षीसाठी रांग लागली होती. हा फर्निचरवाला एके काळी मिस्त्रींच्याच हाताखाली होता. तीन वर्षांत त्याने मारलेला एकही खिळा सरळ गेला नव्हता, म्हणून मिस्त्री त्याला 'वाकडा खिळा' म्हणत. आता त्याच्याकडे काचेचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे नक्षी कोरणारं सीएनसी मशीन. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, बटण दाबायचं आणि बाजूला खुर्ची टाकून बसायचं. भर उन्हाळ्यात एका दुपारी तो मिस्त्रींच्या कारखान्यात आला. कारखाना म्हणजे घराच्या पुढची पत्र्याची पडवी.

"मिस्त्री, कशाला या पत्र्याखाली भाजून घेताय?" तो म्हणाला. "माझ्याकडे या. पंख्याखाली बसा, दारांना बिजागऱ्या लावा. तुम्हाला उभं राहायचंही काम नाही."

"सरळ लावू की तुझ्यासारख्या?" मिस्त्रींनी विचारलं.

तो हसला. ते हसणं मिस्त्रींना झोंबलं, कारण त्यात राग नव्हता.

"शाळेच्या जाळ्यांचं काम मलाच मिळणार आहे," जाताना तो म्हणाला. "ते झालं की विचार करून सांगा."

शाळेच्या सभागृहाला चोवीस खिडक्या होत्या. चोवीसही खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या गंजून गेल्या होत्या आणि मोठ्या बाईंना, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेला, तिथे नक्षीच्या लाकडी जाळ्या हव्या होत्या. त्यांनी दोघांनाही सांगितलं होतं: दीड महिन्याने एकेक नमुना आणा, पहिल्या खिडकीला लावून दाखवा, ज्याची बसेल त्याला काम. मिस्त्रींनी "हो" म्हटलं होतं. बाईंसमोर त्यांचा हात खिशात होता.

आता या "हो"चं काय करायचं, हा प्रश्न आठ दिवस घरात फिरत होता. त्याला उत्तर सापडलं ते सुनेकडे. मिस्त्रींचा मुलगा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी असायचा. बाकीचे सव्वीस दिवस घरात सासू, सासरा आणि सून. सून नकाशे काढायचा कोर्स केलेली होती. तिने एके सकाळी मोबाइल मिस्त्रींच्या नाकासमोर धरला.

"बाबा, हे मशीन आपण घरी करू शकतो. नकाशे फुकट आहेत."

"फुकट?" मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "कोणी दिले?"

"कोणी म्हणजे, पुष्कळ जणांनी. पहिल्यांदा एका परदेशातल्या मास्तरांनी काढले आणि सगळ्यांसाठी खुले ठेवले. मग ज्याने ज्याने मशीन बांधलं, त्याने त्यात सुधारणा केल्या. चारपाचशे जण असतील."

"पाचशे जणांनी मिळून एक दार केलं तर ते उघडेल का?"

"अहो, उघडायचं नाहीये, कोरायचं आहे," आतून बायको म्हणाली. ती उंबऱ्यात बसून खुर्चीच्या पायाला पॉलिश मारत होती आणि कान पडवीत होते.

"आणि त्यांना यात काय मिळतं?"

"काही नाही. आपण बांधलं की आपण फोटो टाकायचे, कुठे काय अडलं ते लिहायचं. बस्स."

मिस्त्रींना हे पटलं नाही. आपल्या कामातली खुबी त्यांनी वाकड्या खिळ्याला तीन वर्षांत सांगितली नव्हती. आणि इथे एक मास्तर उठतो आणि साऱ्या जगाला वाटतो! नक्कीच कुठे तरी खोट असणार. पण चित्रातलं मशीन त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. एक चौकट. चौकटीवर पुढेमागे सरकणारा पूल. पुलावर डावीउजवीकडे सरकणारी पाटी, पाटीवर वरखाली होणारं कोरायचं यंत्र. हाडं सगळी प्लायवूडची.

"हे तर सुतारकाम आहे," ते म्हणाले, आणि सून तेवढ्याचीच वाट बघत होती.

झेरॉक्सच्या दुकानातून बेचाळीस कागद आले. कोरायचं यंत्र मिस्त्रींकडे होतंच, हातात धरून फळ्यांच्या कडा गोल करायचं. कॉम्प्युटर सुनेचा माहेरून आलेला. सरकायच्या लोखंडी कांबी आणि फिरत्या आट्यांचे दांडे मोजून मागवले, ते लांबच लांब खोक्यातून आले. मोटरींसाठी सून आणि सासू दोघी भंगारवाल्याकडे गेल्या आणि मेलेली दोन झेरॉक्स मशीनं हातगाडीवर घालून घेऊन आल्या.

"घरात आधीच एक म्हातारं मशीन होतं," बायको घाम पुसत म्हणाली, "आता तीन झाली."

दोन्ही मशीनं उलटी करून सुनेने आतडी काढावीत तशा वायरी काढल्या. चार मोटरी निघाल्या, आणि शिवाय कुणाच्या तरी जमिनीच्या उताऱ्याची अडकलेली अर्धी प्रत. उन्हं अशी होती, की दुपारी पत्र्याखाली स्क्रू हातात घेतला तर सोडून द्यावासा वाटे. वीज आली की सून सोल्डरिंग करी, गेली की बेअरिंगं रॉकेलमध्ये धुई. समोरचा वेल्डर दिवसातून तीनदा येऊन कमरेवर हात ठेवून उभा राही आणि म्हणे, "मी असतो तर लोखंडाचं केलं असतं." मग आणखी थोडा वेळ उभा राही आणि जाई.

नकाशात मापं मिलिमीटरमध्ये होती. मिस्त्री इंच आणि सुतात जगलेले. तेव्हा ठरलं असं, की सून एकेका तुकड्याचं माप इंच-सुतात करून चिठ्ठीवर लिहून देणार आणि मिस्त्री चिठ्ठीप्रमाणे कापणार. एकूण छत्तीस तुकडे, छत्तीस चिठ्ठ्या. त्या तिने तारेत ओवून मिस्त्रींच्या टेबलाजवळच्या खिळ्याला अडकवल्या.

"चिठ्ठीप्रमाणेच हं, बाबा," ती म्हणाली.

"मग काय, मनाने कापणार आहे?" मिस्त्री म्हणाले.

त्याच दिवशी संध्याकाळी ते हातपाय धुवायला मागे गेले होते. सून आत फोनवर नवऱ्याशी बोलत होती. मोरीच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं, हे घर बांधताना मिस्त्रींच्या लक्षात आलं नव्हतं.

"मशीन होईल हो," ती सांगत होती, "पण बाबांच्या हातचं प्रत्येक माप एक सूत जादाच येतं. दाराला चालतं ते, याला नाही चालत. आणि सांगणार कसं? त्यांचा तो अंगठा... जाऊ दे. बघते मी."

मिस्त्रींनी तांब्या तसाच हातात धरला. पाणी पायांवर ओतायचं राहून गेलं. अंगठ्याचं तिला माहीत आहे, म्हणजे बायकोला माहीत आहे, म्हणजे मुलाला माहीत आहे. दोन वर्षं आपण खिशात घालून फिरलो ते सगळ्यांनी बघितलेलं आहे आणि दुसरीकडे बघून दाखवलेलं आहे. रात्रीच्या जेवणात त्यांनी मीठ कमी आहे असंही म्हटलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींनी असं काम केलं, जसं चाळीस वर्षांत केलं नव्हतं. विजेचा कटर हाताबरोबर थरथरतो, म्हणून तो बाजूला ठेवला. चिठ्ठी वाचायची, रेघ मारायची, काटकोनाचा गुण्या लावून बघायची, पुन्हा बघायची. मग रेघेला लागून एक सरळ पट्टी दोन शिकंजांनी आवळायची आणि तिला घासून करवत चालवायची, म्हणजे हाताला कुठे जायला जागाच नाही. एकेका तुकड्याला अर्धा अर्धा तास. मान भरून यायची, घाम नाकाच्या शेंड्यावरून रेघेवर पडायचा, तो मनगटाने पुसायचा. आणि रेघेच्या बाहेर सूत नाही, अर्धं सूत नाही, पेन्सिलीच्या रेघेची जाडी तेवढी. चार दिवसांत छत्तीस तुकडे झाले. वेल्डर म्हणाला, "मिस्त्री, प्लायवूड कापताय की ऑपरेशन करताय?" मिस्त्रींना मनातून वाटत होतं, की सुनेने टेप लावून मापावं आणि तोंडात बोट घालावं. आपण मात्र काहीच बोलायचं नाही. सहज कापलं, असं दाखवायचं.

सून त्या चार दिवसांत वायरी आणि कॉम्प्युटरमध्ये बुडालेली होती. पाचव्या दिवशी सकाळी तिघं मिळून जोडायला बसली. बाजूच्या दोन फळ्या उभ्या केल्या, मधले आडवे तुकडे लावले, स्क्रू पिळले आणि सुनेने खोक्यातली लोखंडी कांब दोन भोकांच्या मध्ये धरली.

कांब बसेना.

तिने दुसरी कांब घेतली. तीही बसेना. आट्यांचा दांडाही नाही.

"कांबी लांब आल्या," मिस्त्री म्हणाले. "दुकानदाराने फसवलं."

सुनेने टेप लावला. कांबी नकाशाप्रमाणे होत्या. मग तिने आडव्या तुकड्याला टेप लावला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. तिचा चेहरा उतरत गेला.

"बाबा, सगळे तुकडे एक सूत कमी आहेत."

"कमी?" मिस्त्री उठून उभेच राहिले. चाळीस वर्षांत हा शब्द त्यांच्या कामाला कोणी लावला नव्हता. वाईट, उशिरा, महाग, सगळं ऐकलं होतं. कमी कधीच नाही. त्यांनी तारेतली चिठ्ठी ओढून काढली. "हे बघ. एकतीस इंच तीन सूत. हा तुकडा बघ. एकतीस इंच तीन सूत. केसाचाही फरक नाही!"

"नकाशात एकतीस इंच चार सूत आहे," सून पुटपुटली.

"मग तीन कोणी लिहिलं?"

सून खाली बघायला लागली. पायाच्या अंगठ्याने तिने भुसा एका बाजूला केला, मग तोच भुसा परत जागेवर आणला.

"मी लिहिलं," ती म्हणाली. "तुम्ही एक सूत जादा कापता ना नेहमी. म्हणून मी प्रत्येक चिठ्ठीवर एक सूत कमी लिहिलं. म्हटलं, तुमच्या हातून कापून झालं की बरोबर होईल. मला तुम्हाला काही बोलावंही लागणार नाही."

"अगं, पण मी या वेळी चिठ्ठीप्रमाणे कापलं!"

"पण तुम्ही तर कधीच तसं..."

"तूच म्हणालीस ना, चिठ्ठीप्रमाणेच हं, बाबा?"

"ते मी नेहमीच म्हणते! तुम्ही कधी ऐकलंय?"

"चार दिवस! मान मोडून चार दिवस! पट्टी आवळून आवळून कापलं मी, आणि तू माझ्यावर भरवसा ठेवून..."

"भरवसाच तर ठेवला!" सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही चुकणारच, असा पक्का भरवसा ठेवला होता मी!"

मग उंबऱ्यातून बायकोचं हसू फुटलं. आधी तिने पदर तोंडाला लावला, मग पदराने काही होईना तेव्हा पॉलिशचा बोळा बाजूला ठेवून भिंतीला टेकून हसली.

"एक हुशार होता तेव्हा घर कसं तरी चालत होतं," ती म्हणाली. "आता दोन झाले."

वेल्डरही त्याच वेळी आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लोखंडाचं केलं असतं तर तुकडा वेल्ड करून वाढवता आला असता."

दुपारी कोणी जेवलं नाही. प्लायवूड संपलेलं होतं. नवं यायला चार दिवस, परत छत्तीस तुकडे कापायला चार, म्हणजे आठ दिवस हवेत, आणि नमुना दाखवायला दिवस उरले होते नऊ. जाळी कोरायलाच दोन लागणार होते. मिस्त्री त्या लंगड्या सांगाड्यासमोर स्टुलावर बसून राहिले. वाकड्या खिळ्याचा पंखा त्यांच्या डोळ्यांसमोर गरगरत होता, आणि पंख्याखाली बिजागऱ्यांचा ढीग. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "सगळेच तुकडे कमी आहेत ना?"

"सगळेच," सून कुढत म्हणाली.

"अर्धं सूत, दीड सूत असं नाही? बरोबर एक?"

"बरोबर एक. तुम्ही इतकं नेमकं कापलंय, की..."

"म्हणजे पुलाचे दोन्ही पाय सारखेच आखूड. लंगडणार नाही तो. नुसता बुटका होईल. बुटका चालेल?"

सुनेने मान वर केली. "चालेल."

"मग राहता राहिले आडवे तुकडे. किती आहेत?"

"अकरा."

मिस्त्री उठले. कोपऱ्यातल्या ढिगातून त्यांनी शिसवाची एक जुनी फळी ओढून काढली. दहा वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी देव्हाऱ्यातून उरलेली, काळीभोर. "प्रत्येकाच्या एका टोकाला एक सुताची पट्टी. अकरा पट्ट्या. सगळ्या एकाच बाजूला लावायच्या, म्हणजे चौकट काटकोनात राहील."

"पण बाबा, पट्टी बरोबर सुताची हवी. एक जाड, एक पातळ झाली तर पूल अडकेल."

"पट्टी रंध्याने करायची असते," मिस्त्री म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज आवाजासारखा आला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते रंध्यावर वाकले. पाय फाकवून, कमरेतून, लांब लांब हात मारत. शिसवाची काळी सालपटं रंध्यातून कुरळी होऊन बाहेर पडत आणि त्यांच्या पायांभोवती साचत. मध्येच थांबून पट्टी दोन बोटांत धरायची, नखाने कडा चाचपायची, आणखी एक हात मारायचा. सून टेप घेऊन बाजूला उभी होती. पहिल्या पट्टीला तिने टेप लावला. दुसऱ्या पट्टीला लावला. तिसरीपासून टेप खिशात ठेवून दिला.

अकरा काळ्या पट्ट्या पांढुरक्या प्लायवूडच्या सांध्यांत बसल्या आणि कांबी अशा सरकल्या, जसा टेबलात ड्रॉवर सरकतो. पूल पुढेमागे हलवून बघताना तिघांपैकी कोणीच बोललं नाही, न जाणो बोलल्याने काही सैल होईल.

पहिल्यांदा चालवताना सून म्हणाली, "लगेच लाकूड नको. कोरणीच्या जागी पेन्सिल बांधू आणि कागदावर काढून बघू. बाबा, तुमची पेन्सिल द्या."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून दिली. तिने ती सुतळीने आवळली, कागद चिकटवला आणि बटण दाबलं. झेरॉक्सच्या मोटरी आपलं जुनं आयुष्य आठवल्यासारख्या कण्हल्या आणि पूल चालायला लागला, पण उलटा. पेन्सिल कागद सोडून मिस्त्रींच्या बायकोच्या दिशेने निघाली.

"अगं, थांबव! मला रंगवायला निघालंय ते!"

दोन वायरींची अदलाबदल झाली. पुन्हा बटण. आता पेन्सिल कागदावर टेकली आणि चालायला लागली. एक वळण, दुसरं, पान, पानाची शीर, परत वळण. ही जाळी मिस्त्रींचीच होती. तरुणपणी त्यांनी कोरलेल्या एका दारावरून सुनेने उतरवून घेतलेली. मिस्त्री वाकून बघत राहिले. त्यांचीच पेन्सिल, त्यांचीच नक्षी, आणि कुठेही थरथर नाही. नकळत त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. अंगठा आपला थरथरत होता. कोणी दुसरीकडे बघितलं नाही, आणि मिस्त्रींनी तो झाकलाही नाही.

"बरं काढतंय," ते म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी मुलाचंही केलेलं नव्हतं.

जाळी कोरायच्या आधी सुनेने शाळेच्या कागदावरचं माप कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि मग बोट तसंच वर धरून ठेवलं.

"बाबा, बाहेरच्या कडेला किती सोडू?"

मिस्त्रींनी तिच्याकडे बारीक डोळ्यांनी बघितलं. "तू आधीच काही कमीजास्त केलं नाहीस ना?"

"नाही. शपथ."

"मग एक सूत."

तिने एक सूत घातलं. मशीनने दोन दिवस खपून सगळी जाळी कोरली आणि चारही बाजूंना एक सूत इमानदारीने सोडलं.

नमुन्याच्या दिवशी शाळेच्या सभागृहात मोठ्या बाई, शाळेचा शिपाई, वेल्डर (तो का आला होता ते कोणी विचारलं नाही) आणि इकडे मिस्त्रींचं सगळं घर. फर्निचरवाला टेंपोतून आला. त्याची जाळी कागदात गुंडाळलेली होती, गुळगुळीत, चकचकीत, कडा आरशासारख्या. बाईंनी हात फिरवून "वा" म्हटलं.

फर्निचरवाल्याने जाळी उचलून पहिल्या खिडकीच्या चौकटीत लावली. खालची बाजू बसली. वरची बसेना. त्याने तळहाताने थोपटलं, मग मुठीने ठोकलं.

"जाळी मोठी झाली का?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई, कागदावर आहे तीच आहे. चौकटच बारकी आहे. ज्याने केली, त्याला माप कळत नव्हतं." तो चौकटीवर बोटं वाजवून म्हणाला, "कोणी केली हो ही?"

शिपाई सभागृह बांधलं तेव्हापासूनचा होता. त्याने मिस्त्रींकडे बोट दाखवलं.

मिस्त्री पुढे झाले. तीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या चौकटीवर त्यांनी नख फिरवलं आणि त्यांना सगळं आठवलं. "सूत ठेवलं होतं आतून," ते हळूच म्हणाले. "नंतर येऊन तासणार होतो. पण उद्घाटन झालं, कुलूप लागलं, आणि मला कोणी बोलावलं नाही."

"अठरा," मागून बायको म्हणाली.

"अठरा नाही. खिडक्या चोवीस आहेत," मिस्त्री म्हणाले.

बायकोने कपाळाला हात लावला. आकडा एका दमात एकेचाळीस झाला होता.

"मग आता?" बाई म्हणाल्या.

फर्निचरवाल्याने इकडेतिकडे बघितलं. त्याच्याकडे टेप होता, मोबाइल होता, टेंपो होता. "मिस्त्री, जरा तुमचा रंधा द्या."

"रंधा मी कोणाला देत नाही," मिस्त्री म्हणाले, "तुला तर तीन वर्षांत दिला नव्हता." आणि त्यांनी स्वतःची जाळी दोन बाकांच्या मध्ये आडवी ठेवली, पिशवीतून रंधा काढला आणि पाय फाकवून उभे राहिले.

बाई गोंधळल्या. "तुमची पण मशीनचीच ना? मग तासता कशाला?"

"दोन सुतं काढायची आहेत, बाई. एक परवाचं, एक तीस वर्षांपूर्वीचं."

सालपटं सभागृहाच्या फरशीवर पडायला लागली. मिस्त्री तासत, लावून बघत, परत काढून तासत. चौथ्या खेपेला जाळी चौकटीत अशी गेली, की आत जाताना हवेचा "हुश्श" असा आवाज आला. बाईंनी ती ढकलून बघितली, ओढून बघितली. हलली नाही.

"बाकीच्या तेवीस चौकटी कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

"तेवीस प्रकारच्या," मिस्त्री खरं तेच बोलले.

"मग काम तुम्हीच करा," बाई म्हणाल्या. "तासायला परत शोधत फिरायला नको." आणि दारापर्यंत जाऊन वळून म्हणाल्या, "या वेळी मी कुलूप लावायच्या आधी हं."

फर्निचरवाला जाळी कागदात परत गुंडाळत होता. मिस्त्री त्याच्याजवळ गेले. "अरे, तेवीस जाळ्या लावायला माणूस लागेल मला. ये की. पत्र्याखाली बसशील का? उभं राहावं लागेल मात्र."

तो ओशाळून हसला. हे हसणं मिस्त्रींना अजिबात झोंबलं नाही.

पंधरा दिवसांनी सुनेने ठरल्याप्रमाणे मशीनचे फोटो त्या पाचशे जणांच्या गटात टाकले. संध्याकाळपर्यंत उत्तरं यायला लागली. मशीनचं कौतुक थोडं, आणि पट्ट्यांचीच चौकशी जास्त. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं विचारत होती, सांध्यांतल्या काळ्या पट्ट्या कशासाठी? एकाने स्वतःच तर्क लढवला होता, की त्यामुळे मशीनची थरथर कमी होत असावी. दुसऱ्याने लिहिलं होतं, फार डोकेबाज कल्पना. तिसऱ्याने तर आपल्या मशीनला तशा पट्ट्या लावूनही टाकल्या होत्या. आणि ते पहिले मास्तर, ज्यांनी सगळं सुरू केलं होतं, त्यांनी विचारलं होतं: पुढच्या नकाशात या घालू का? कारण नीट लिहून कळवा.

सून मोबाइल घेऊन पडवीत आली. मिस्त्री सातव्या जाळीची कड तासत होते, बायको सहावीला पॉलिश मारत होती.

"बाबा, पट्ट्यांचं कारण विचारतायत. थरथर कमी होते, असंच लिहू का? सगळ्यांना तेच वाटतंय."

मिस्त्री थांबले. फुकट नकाशे देणाऱ्या माणसाला खोटं कळवणं त्यांना बरं वाटेना.

"खरं तेच लिही," ते म्हणाले.

"खरं म्हणजे काय लिहू?"

"लिही, सासऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा सुनेचं ऐकलं, म्हणून लावाव्या लागल्या."